मधली काच

अप्पा,

काच पुसण्याआधी तुम्ही तिच्यावर तोंडाने हाऽ करून वाफ सोडायचात. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून मलमलचं फडकं काढून ते गोल फिरवायचात आणि काच दाराच्या उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचात. शेजारच्या स्टुलावर बसून मीही दुसरी काच तशीच पुसत असायचे. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. लातूरच्या त्या बोळात आपल्या चष्म्याच्या दुकानासमोरून एखादी सायकल गेली तरी धूळ आत यायची आणि पुसलेलं सगळं आपण पुन्हा पुसायला घ्यायचो. तुम्ही कधी वैतागल्याचं मला आठवत नाही. मला ते जमलं नाही. आज नांदेडला कॉलेजातल्या माझ्या प्रयोगाच्या खोलीबाहेर बसून हे लिहिते आहे, आणि मी फार वैतागलेली आहे. सबंध नोकरी धुळीशी, विजेशी आणि माणसांशी भांडण्यात गेली. सकाळी पुन्हा एकदा भांडून आले. ते सांगायला कोणीतरी हवं होतं.

पण आधी तो दुष्काळातला दिवस. मी कॉन्व्हेंटच्या निळ्या फ्रॉकमध्ये दुकानात बसले आहे. सिस्टरांनी आईला अव्वा नाही, मम्मी म्हणायला शिकवलंय, आणि त्या हाकेला अव्वा ओच देत नाही. काचेची कड घासायच्या दगडावर पाण्याची बारीक धार सोडावी लागते, आणि घरात पाणी नाही. "प्यायला पानी न्हाई अन् तुम्ही दगडाला पाजून राहिले!" अव्वा आतून ओरडते. तुम्ही म्हणता, "दगड कोरडा फिरवला तर काच तडकती. मंग चुलीवर काय काचा शिजवतीस?" शेवटी डाळ धुतलेलं पाणी एका गडूत येतं. त्या वर्षी आपल्या दुकानातल्या प्रत्येक चष्म्याला तुरीच्या डाळीचा वास असायचा, असं मी पुढे मैत्रिणींना सांगायचे. कोणाचा विश्वास बसायचा नाही.

त्या दुपारी दुष्काळी कामावर देखरेख करणारे एक साहेब आले. दिवसभर खडी फोडण्याच्या कामावर उभं राहायचं, पांढऱ्या दगडावरून ऊन डोळ्यांत घुसायचं, त्यांना चांगला गॉगल हवा होता. तुमच्याकडे उन्हाची चमक अडवणाऱ्या परदेशी काळ्या काचा होत्या. साहेबांना त्या बनावट वाटल्या. तुम्ही हसून दोन काचा एकीवर एक धरल्यात, मागे दाराचा उजेड. आधी त्यातून बाहेरची सायकल दिसत होती. मग तुम्ही एक काच हळूच आडवी फिरवलीत आणि सगळं काळंकुट्ट झालं. "अस्सल असली तरच अशी काळी पडती, साहेब," तुम्ही म्हणालात. सौदा झाल्यातच जमा होता. बऱ्याच दिवसांत मोठं गिऱ्हाईक आलं नव्हतं. आणि मी काय केलं? तिसरी काच उचलली, आणि तुमच्या हातातल्या त्या दोन काचांच्या फटीत तिरकी सरकवली. अंधारात मळकट उजेड आला. सायकल पुन्हा दिसायला लागली.

साहेब खो खो हसले. "काय हो शेठ, काळं व्हायला पाहिजे म्हणालात, आणि तुमच्या पोरीनं तर उजेड पाडला!" गॉगल न घेताच ते निघून गेले.

"मोठा उजेड पाडला," तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात. "मोठ्या मानसांच्या मधे पडायचं न्हाई म्हनून किती बार सांगितलं तुला?"

मी रडत स्टुलावर बसून राहिले. थोड्या वेळाने पाहिलं तर तुम्ही दाराशी उभे होतात आणि त्या तिन्ही काचा पुन्हा पुन्हा धरून बघत होतात. मधली काढली की अंधार, घातली की उजेड. राग कुठल्या कुठे गेला होता. तुम्ही मला जवळ बोलावलंत. "मधे आनखी एक काळी काच घातली तर उजेड कमी व्हायला पायजे. ह्यो वाढतो कसा गं? तुझ्या सिस्टरला विचार." सिस्टरला विचारलं. वरच्या वर्गात गेलीस की कळेल, असं त्या म्हणाल्या. मी एकेक वर्ग वर गेले, पुढे एम.एस्सी. झाले. पुस्तकात सूत्र सापडलं. पण तुम्हाला दाराशी उभं राहून सांगता येईल असं उत्तर त्या सूत्रात नव्हतं.

मग लातूर जिल्हा झाला. गावभर पाट्या रंगवायला पेंटर पुरेनात. आपल्या दुकानाच्या पाटीवर तुम्ही 'जि. लातूर' हे स्वतःच्या नावापेक्षा मोठं लिहून घेतलंत आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन किती वेळ बघत उभे राहिलात. त्याच आठवड्यात मला बंगळूरला संशोधनाला जागा मिळाली आणि थोरले काका समजूत घालायला आले. "कलेक्टर हापीस दारात आलंय. पोरगी हितंच चिकटंल. अन् तिकडं शिकनार काय, तर उजेड! उजेडाचं काय शिकायचं? बटन दाबलं की पडतोय."

"कुटं पडतोय, दादा?" तुम्ही म्हणालात. "निम्मा दिवस लाइट न्हाई आपल्याकडं."

अव्वा पदराआड हसली. मी तावातावाने तोंड उघडलं. तुम्ही हात वर केलात. "तू गप. आज मधे मी पडतो." आणि काकांना म्हणालात, "दादा, मी हिला एक गोष्ट विचारली हाय. लई वर्सं झाली. तिचं उत्तर यायचंय अजून." काका चहा न घेता उठले. तुम्ही पुन्हा काच पुसायला घेतलीत, जणू काही झालंच नव्हतं. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. तार पोचून मी गाडी पकडली तोवर सगळं आटोपलं होतं.

उत्तर सांगते, ऐका. मधली काच उजेडाला नुसती अडवत नाही. ती त्याला नव्याने विचारते, तू असा तिरका आहेस का? जो हो म्हणेल तो पुढे जातो. पण एकदा तिरका म्हटल्यावर आधी आपण उभे होतो ही गोष्ट त्याच्यापाशी उरत नाही. म्हणून शेवटची काच, जिने त्याला पुरतं अडवलं असतं, तिलाही त्यातला काही भाग सोडून द्यावा लागतो. बंगळूरहून परतून नांदेडच्या कॉलेजात लागल्यावर हेच मी उजेडाचा एकेक कण वेगळा सोडून मोजत आले. गेला की नाही गेला, एवढंच. त्याला पूर्ण अंधार लागतो, स्थिर टेबल लागतं, दिवसभर न जाणारी वीज लागते. मोठ्या शहरांत लोकांनी ते केव्हाच मोजून टाकलं. मी मोजायला बसले की वीज जायची, किंवा परीक्षेच्या देखरेखीला बोलावणं यायचं, नाहीतर स्नेहसंमेलनाच्या रांगोळीला. "मॅडमचं ते अंधाराचं काम," असं स्टाफरूममध्ये म्हणायचे. परगावच्या परिषदांत लोक कौतुकाने विचारायचे, "नांदेडला? हे?" त्या कौतुकाने मला जास्त राग यायचा.

आणि खंडेनवमीची गोष्ट तर तुम्हाला सांगायलाच हवी. कण मोजणारं यंत्र किती वर्षं अर्ज करून मिळालं होतं. ते चालू असताना त्याच्यावर साधा उजेड पडला तरी ते मरतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी यंत्र चालू ठेवून, दाराला कुलूप लावून जेवायला गेले. आमचे शिपाईमामा ऑफिसातली दुसरी किल्ली घेऊन, हळदकुंकवाचं तबक आणि झेंडूची फुलं घेऊन आत गेले आणि पूजा नीट दिसावी म्हणून त्यांनी ट्यूबलाइट लावली. मी परत आले तेव्हा यंत्राला पाच बोटं कुंकू होतं आणि आकडे थांबले होते. "समद्या मशिनींची पूजा झाली, तुमचीच राहिली होती मॅडम. वाईट दिसतंय म्हनून..." मामांचा चेहरा बघून मला ओरडताही आलं नाही. झेंडू तेवढा काढला. पुढची कितीतरी वर्षं पुन्हा अर्ज करण्यात गेली.

दुसरं यंत्र आलं तेव्हा माझ्याकडे किनवटकडची एक मुलगी पीएच.डी.ला आली होती. आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेली, गप्प, हाताने अतिशय स्थिर. तिचं मोजमाप आता कुठे नीट लागलंय. आणि या महिन्याअखेर मी निवृत्त होते आहे. सकाळी प्राचार्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. तरुण आहेत, वाईट नाहीत. म्हणाले, "मॅडम, कॉलेज तपासायला कमिटी येतेय. त्या खोलीला खिडक्या पाडून स्मार्ट क्लास करू. तुमच्या खोलीत नेमकं दिसतं काय, सांगा ना?"

"काही दिसत नाही," मी म्हटलं. "मोजलं जातं."

ते हसले आणि मुलीकडे वळले. "तुम्ही विषय बदला. कॉम्प्युटरवर करता येण्यासारखं काहीतरी घ्या." ती एवढंच म्हणाली, "सर, मी करूनच राहिले ना. आता आकडे येऊन राहिले." आणि फरशीकडे बघत उभी राहिली.

अप्पा, प्रत्येक मीटिंगमध्ये मला तुमचा तो आवाज यायचा, मधे पडायचं न्हाई. मी ऐकत आले. आज तुमचाच दुसरा आवाज आला, आज मधे मी पडतो. मी पर्समधून तुमच्या तीन काचा काढल्या आणि प्राचार्यांच्या खिडकीपाशी धरून दाखवल्या. काळं झालं, मग उजेड. "वा! जादू!" ते म्हणाले आणि मोबाइलमध्ये बघायला लागले. किती राग आला म्हणून सांगू! मग मी साध्या मराठीत सांगितलं, की हिचं काम होईपर्यंत त्या खोलीची एक वीटही हलणार नाही, आणि हलवायची असेल तर मी निवृत्तीनंतरही रोज येऊन दारात खुर्ची टाकून बसेन. मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बरीच ओढाताण झाल्यावर प्राचार्य म्हणाले, दिवाळीपर्यंत. तिला होळीपर्यंतचा वेळ हवा आहे. म्हणजे दिवाळीला मला पुन्हा भांडायला यायचं आहे.

परत आले तर मामा स्टुलावर चढून खोलीतली ट्यूब काढत होते. "आता कुनी पूजा करतो म्हनला तर अंधारातच करंल," म्हणाले. मग लाजत विचारलं, "ती जादू दाखवली म्हने सायबाला. घरच्यांला दाखवायला द्याल का त्या काचा?"

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून काय कुणाला द्यायचं ते याच कागदावर लिहून ठेवते. काचा घासायचा दगड लातूरला धाकट्या भावाकडे आहे, तो त्याचाच. तुमची डोळे तपासायच्या भिंगांची पेटी किनवटच्या मुलीला. दोन काळ्या काचा मामांना. तिसरी त्याच मुलीला, म्हणजे मामांना जादू पुरी करायची असेल तर तिला बोलवावंच लागेल. भिंगं बसवून डोळे तपासायची ती जड चौकट, तुम्ही माझ्या नाकावर ठेवायचात ती, कुणालाच देत नाही. टेबलावरचा उजेडाचा बारीक ठिपका मला हल्ली दिसत नाही, अप्पा; काचा ती मुलगीच जुळवते. परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांच्या भिंतीवर आपल्या दुकानातलाच अक्षरांचा तक्ता निघाला, आणि शेवटची ओळ मी पाठ म्हणून दाखवली.