पांढरा वाण, पिवळा वाण

मी, खाली सही करणारी, सगळ्यांची अंडीवाली मावशी, धंदा रेशमाच्या किड्यांची सुधारित अंडी तयार करून शेतकऱ्यांना विकणे, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. शुद्धीत आहे, शांत मात्र नाही. परवा माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे आणि त्याच दिवसांत कोषांतून पतंग बाहेर पडणार आहेत.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांना समसमान. शिल्लक रक्कम मुलीला. मुलाला त्याचा वाटा दुकान काढताना मिळाला आहे. दुकान बुडालं, त्याला मी काय करू?

२. मोठ्या जाऊबाईंना काही नाही. माझ्या घराला किड्यांचा वास येतो म्हणून त्या इथे पाणीही घेत नाहीत. रेशमी शाल मात्र मागून नेली होती, ती परत घ्यावी.

३. सूक्ष्मदर्शक मुलीला. अंडी घातलेली प्रत्येक मादी कुटून तिच्यात रोग आहे का, ते त्यातून बघायचं असतं. मुलगा म्हणतो, "आई, थोड्या बघितल्या तरी चालतं की! मजुरी केवढी वाचते." वाचते ना. पण एका रोगट मादीची अंडी गेली, तर शेतकऱ्याची अख्खी बॅच हातची जाते आणि तो पुन्हा आपली पायरी चढत नाही.

४. आता मुख्य गोष्ट. पिवळा वाण काटक, पण धागा आखूड. पांढऱ्याचा धागा लांब, पण जरा उकडलं की तो मान टाकतो. आपण विकतो तो दोघांचा संकर. त्याच्या कोषाला भाव चांगला मिळतो, म्हणून शेतकरी अंड्यांना चार पैसे जास्त मोजतो. आणि संकराची पुढची पिढी धड निघत नाही, म्हणून दर हंगामाला आपल्याकडेच येतो. मूळ वाण गेले की धंदा संपला.

पिवळा वाण मुलीला, पांढरा मुलाला देत आहे. वकील म्हणाले, "मावशी, एक चप्पल याला, एक तिला? मग चालायचं कोणी?" मी म्हटलं, "जोड एकालाच दिला तर तो बाजारात विकून अनवाणी घरी येईल." बाजारातल्या एका व्यापाऱ्याने मुलाला दोन्ही वाणांची किंमत सांगितली आहे, हे मला कळलं आहे. एकदा वाण त्या व्यापाऱ्याच्या हाती गेले की तो म्हणेल तो भाव, आणि शेतकरी मुकाट देतील.

वाण विकायचे की नाही, त्यावरून बहीणभावांत अबोला आहे. मधल्या खोलीत बसून मी इकडचे निरोप तिकडे देते. वाण वाचवायला म्हणून वाटणी केली, पण या वाटणीनेच दोन्ही मरतील की काय, अशी मला फार भीती वाटते.

५. पतंग खात नाही, पीत नाही, थोडेच दिवस जगतो. म्हणून कलम ४ माझ्या मरणाची वाट न बघता परवापासून लागू समजावे. वकील म्हणाले, "अहो, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं." म्हटलं, "हे तुम्ही पतंगांना सांगून बघा." त्यांनी कपाळाला हात लावला, पण लिहू दिलं.

६. परवा पहाटे किड्यांच्या खोलीत दोघांपैकी एकजण जरी आला नाही, तरी दोन्ही वाण नदीपलीकडच्या अंडीवाल्याला फुकट द्यावेत. माझे किडे मरतुकडे म्हणून बाजारभर सांगणारा तोच. पण मादी तपासल्याशिवाय तो अंडी विकत नाही.

७. मी टेबलावर असताना दवाखान्यात कोणीही बसू नये. बाकावर बसून तुम्ही माझं काही करू शकत नाही. पहाटे किड्यांच्या खोलीत जावं. मुलीने पिवळ्याच्या माद्या निवडाव्यात, मुलाने पांढऱ्याचे नर. पुढचं काम, म्हणजे त्यांच्या जोड्या लावणं, न बोलता होत नाही.

सही: अंडीवाली मावशी
साक्षीदार: १. दवाखान्यातल्या नर्सबाई २. कोपऱ्यावरचा चहावाला
स्थळ: राहते घर, मधली खोली
दिनांक: ९ मार्च

मुलांना वाटा मिळत असल्याने त्यांना साक्षीदार केलेले नाही. दोघांना आत्ताच वाचायला दिलं आहे. वाचून झालं. अजून कोणी काही बोललेलं नाही.