स्टेजखालच्या चपला

शनिवार, संध्याकाळ

आज मुरबाडच्या कॉलेजात मनीषाचं पदवीदान होतं. टोकावड्याच्या शाळेत पहिलीला ती माझ्या वर्गात होती, म्हणून मला आग्रहानं घेऊन गेली. नाव पुकारलं तशी पोरीनं स्टेजच्या पायरीशी नव्याकोऱ्या चपला काढल्या आणि अनवाणीच वर गेली. मागची पोरं हसली. उतरली दुसऱ्या बाजूनं, चपला राहिल्या इकडेच. मग मीच नेऊन दिल्या.

"बाई, तुमी कशाला उचलल्या? पाप लागंल ना मला!"

सोमवारपासून ती पुण्याला नोकरीवर जाणार. तिथं साहेबाच्या दारात चपला काढू नकोस गो, असं अगदी ओठांवर आलं होतं. नाही बोलले. बोलायला हवं होतं का? वर्गाबाहेर चपला काढायला तिला पहिल्या दिवशी मीच शिकवलं. आता घालूनच आत जा, हेही मीच सांगायचं?