शनिवारच्या महिला सत्रातील एक जागा

प्रति,
मा. क्रीडा व विरंगुळा अधिकारी,
सोर्वायार्वी नगरपालिका, फिनलंड

विषय : श्रीमती ताइमी कार्ना यांना तळ्याकाठच्या नगरपालिका सौनागृहातील शनिवारच्या महिला सत्रात पूर्ववत बसू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र क्र. वि/४१, दि. २८ जानेवारी २०२५
२) श्रीमती साल्मे रौत्याला (वय ८४) यांची तक्रार, दि. १३ जानेवारी २०२५
३) सौनागृह वापर नियमावली, नियम ९ व १४

महोदय,

१. अर्जदार ही विधि-इतिहासाची निवृत्त प्राध्यापक असून गेली एकोणतीस वर्षे शनिवारी चार ते सहा या महिला सत्राची सभासद आहे. जुन्या न्यायालयांचे मूर्ख निकाल वाचणे आणि त्यांचा अर्थ विद्यार्थ्यांना समजावणे, यावर तिचा चरितार्थ चालला. त्यामुळे आपले संदर्भ क्र. १ चे पत्र वाचताना आपण परक्या प्रांतात आलो आहोत असे तिला मुळीच वाटले नाही, हे प्रारंभीच कृतज्ञतापूर्वक नमूद करण्यात येते.

२. श्रीमती ताइमी कार्ना (वय ६३) या बावीस वर्षांपासून सदर सौनागृहाची लाकडाची भट्टी पेटवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये लोकसंख्या नोंदणीत त्यांची नोंद 'स्त्री' अशी झाली. आपण मुलगी आहोत हे त्यांना सातव्या वर्षी कळले होते; राज्याला कळायला पुढची चोपन्न वर्षे लागली. तोवर त्या शुक्रवारच्या पुरुष सत्रात बसत. पुरुषांनी त्यांना सॉसेज भाजून खाऊ घालून रीतसर निरोप दिला. "इथंच बसत राहिलीस तरी आमची काही हरकत नाही," असेही ते म्हणाले. त्यावर श्रीमती कार्ना यांचे उत्तर असे होते : "तुमची नसेल. पण वीस वर्षं तुमच्या बोटींची इंजिनं ऐकली, आता मला माणसांबद्दल ऐकायचंय." दि. २ डिसेंबर २०२३ पासून त्या शनिवारी भट्टी पेटवून, एप्रन व सगळे कपडे उतरवून, आमच्यासारख्याच आमच्यात बसू लागल्या.

३. त्यानंतरच्या तेरा महिन्यांत त्यांच्याविरुद्ध एकच तक्रार झाली. ती संदर्भ क्र. २ ची. तिचा मजकूर येणेप्रमाणे : "ही बाई पळीनं भट्टीच्या तापल्या दगडांवर एवढं पाणी ओतते की वाफेनं वरच्या फळीवर बसवत नाही. माझे कान भाजतात. समज द्यावी." सदर मजकुरात लिंग, शरीर वा ओळख यांचा उल्लेख नाही. वाफ किती असावी यावर आपल्या गावात नवराबायको वेगळे झालेले आहेत. त्यामुळे तक्रारीचा विषय कोणाही स्थानिकास समजण्याजोगा होता. परंतु आपल्या तक्रार-नमुन्यात चार रकाने आहेत : स्वच्छता, पाणीपुरवठा, जळण, खाजगीपणा. सौनागृहाच्या तक्रार-नमुन्यात वाफेला रकाना नाही. खिडकीवरील लिपिकाने विचारले, "खूण कुठं करू, आजी?" आजी म्हणाल्या, "कर कुठंही, पण तिला सांग." लिपिकाने शेवटच्या रकान्यात खूण केली. आपल्या कार्यालयाने मजकूर न वाचता खूण वाचली आणि पंधरा दिवसांत श्रीमती रौत्याला यांच्या कानांच्या खाजगीपणाचे रक्षण केले.

४. आपल्या आदेशान्वये श्रीमती कार्ना यांना महिला सत्रातून वगळून त्यांच्यासाठी सोमवारी दोन ते तीन हे 'इतर' सत्र निर्माण करण्यात आले. तथापि नियम ९ नुसार, वाफेनंतर बुडी मारायच्या बर्फातल्या डोहाच्या धोक्यामुळे कोणासही एकट्याने सौना घेता येत नाही. किमान दोन व्यक्ती लागतात. आपल्या मोजणीप्रमाणे गावात 'इतर' एकच आहे. परिणामी दर सोमवारी श्रीमती कार्ना कर्मचारी या नात्याने भट्टी पेटवतात, दोन वाजता सभासद या नात्याने दाराशी येतात, कर्मचारी या नात्याने स्वतःला प्रवेश नाकारतात, आणि तशी नोंद करून दोन्ही रकान्यांत सही करतात. असे पाच सोमवार झाले. त्यांच्या सोबतीसाठी अर्जदारासह अठरा स्त्रियांनी 'इतर' सत्रात नाव नोंदवण्याचा अर्ज दिला असता, आम्ही 'इतर' असल्याचा पुरावा मागण्यात आला. कोणापेक्षा इतर, याचा खुलासा पत्रात नाही.

५. नियम १४ नुसार मात्र कामावरील कर्मचाऱ्यास कोणत्याही सत्रात, कितीही वेळा, आत येण्याची मुभा आहे. त्याच नियमाखाली आपण स्वतः गेल्या हिवाळ्यात तापमापक घेऊन महिला सत्रात आला होतात व बूट न काढता चार मिनिटे उभे होतात. त्या प्रसंगी आमच्या खाजगीपणाबाबत कार्यालयात काही हालचाल झाल्याचे ऐकिवात नाही. दि. १ मार्च रोजी श्रीमती कार्ना लाकडे घेऊन अकरा वेळा आत आल्या. भट्टीला तीनदाच गरज होती. त्या वेळचे संभाषण अर्जदाराने बाहेर येताच टिपून ठेवले, ते असे :

"अगं, दार लाव. गारठा येतोय," श्रीमती रौत्याला म्हणाल्या.
"लावते. हात भरलेत माझे."
"मग टाक ती लाकडं नि बस इथं."
"बसता येत नाही, मावशी. कपडे घातले की मी कायदेशीर. काढले की गुन्हा."
"आमचं उलटं आहे," वरच्या फळीवरून कोणीतरी म्हणाले.

हशा बराच वेळ चालला. श्रीमती कार्नाही हसल्या. मग त्या दार लावून बाहेर गेल्या आणि आम्ही सगळ्या एकमेकींकडे न पाहता बसलो.

६. श्रीमती कार्ना यांनी 'वैद्यकीय कागद' दाखवल्यास फेरविचार होईल, असे आपल्या कार्यालयातून तोंडी सुचवण्यात आले. असा कागद मागण्याचा अधिकार कायदा आपणांस देत नाही, हे सांगून अर्जदार आपला वेळ घेणार नाही. आपणांस ते ठाऊक आहे, म्हणूनच सूचना तोंडी होती. एवढेच विचारावेसे वाटते की, जे पाहण्याची उत्सुकता एकोणीस स्त्रियांना तेरा महिने भर उजेडात झाली नाही, ते कागदावर पाहण्याची निकड एका कार्यालयाला का भासावी? सौनात माणूस शरीर दाखवायला बसत नाही. तिथे गुडघे दुखतात, सुना वाईट असतात, कोणा एकीच्या गाठीचा तपास झालेला असतो आणि ती पहिल्यांदा ते तिथेच सांगते. श्रीमती कार्ना यांना अशा दोन गोष्टी माहीत आहेत, ज्या अर्जदाराच्या मुलीलाही माहीत नाहीत. आपल्या कार्यालयाचा समता आराखडा अर्जदाराने तीनदा वाचला. त्यात लिंगओळखीविषयी एक उत्तम परिच्छेद आहे. तो अमलात आणण्याची जबाबदारी ज्या अधिकाऱ्यावर सोपवली आहे, त्याचे पदनाम या अर्जाच्या शिरोभागी आहे.

७. दि. १७ फेब्रुवारी रोजी श्रीमती रौत्याला, काठी टेकत, बर्फातून, आपली तक्रार मागे घेण्यास कार्यालयात आल्या. अर्जदार सोबत होती.

"मागे घेता येत नाही, आजी. तिच्यावर निर्णय झालाय," खिडकीवरील लिपिक म्हणाला.
"अरे, पण माझी तक्रार ती नव्हतीच."
"मग नवीन द्या."
"वाफेबद्दल?"
"त्याला रकाना नाही."

तेथून त्या थेट श्रीमती कार्ना यांच्या घरी गेल्या. "तुझं बसणं नव्हतं गं खुपत मला," त्या दारातच म्हणाल्या. "तुझी पळी खुपत होती." श्रीमती कार्ना यांनी कॉफी ठेवली व त्या म्हणाल्या, "मग पळी तुम्ही घ्या." "मी घेतली तर बाकीच्या गारठून मरतील." असा वाद दीड तास चालून कोणत्याही कार्यालयाच्या मदतीविना मिटला : पहिला अर्धा तास पळी श्रीमती रौत्याला यांच्याकडे, नंतर श्रीमती कार्ना यांच्याकडे. समतेचा इतका काटेकोर करार अर्जदाराने जुन्या दप्तरांतही क्वचित पाहिला आहे.

८. सबब विनंती की : (अ) संदर्भ क्र. १ चा आदेश रद्द व्हावा. (आ) श्रीमती कार्ना यांना शनिवारच्या महिला सत्रात, अन्य कोणत्याही स्त्रीप्रमाणे, कोणताही कागद न मागता बसू द्यावे. (इ) 'इतर' हे सत्र बंद करावे, कारण त्यात जाण्यास पात्र असे गावात कोणी नाही.

९. एका गोष्टीचा खुलासा आवश्यक आहे. दि. १ एप्रिलपासून भट्टीचे काम सोडत असल्याचे श्रीमती कार्ना यांनी कळवताच शुक्रवारच्या सत्रातील एकतीस पुरुषांनी आमच्या मागणीला पाठिंबा देणारे निवेदन अर्जदाराकडे आणून दिले. त्यातले कारण त्यांच्याच शब्दांत : "लिंगबिंग आम्हाला कळत नाही, पण ती आजारी असताना आम्ही भट्टी पेटवली तेव्हा अग्निशामक बंब आला होता." हे ऐकल्यावर आपले उपअधिकारी प्रथमच अनुकूल झाल्याचे व "तेवढ्यासाठी अपवाद करता येईल" असे म्हणाल्याचे समजते.

निवेदन प्रामाणिक आहे, म्हणून जोडले आहे. परंतु त्या कारणावरून हा अर्ज मंजूर करू नये, अशी अर्जदाराची स्वतंत्र व आग्रहाची विनंती आहे. आम्हा एकोणीस जणींपैकी एकीलाही ती भट्टी पेटवता येत नाही. आजवर कोणी आम्हांला त्याबद्दल विचारले नाही, आणि आम्ही बसतो. ताइमी कार्ना यांना काडी ओढता येत नसती, तरी हा अर्ज याच शब्दांत लिहिला गेला असता.

शनिवारच्या सत्राची सभासद व या गावची रहिवासी म्हणून सही करणारी,

(सही)
डॉ. इर्मेली वुओरेन्सोला
सोर्वायार्वी, दि. ३ मार्च २०२५

सोबत : १) महिला सत्रातील एकोणीस सह्या, अर्जदार व श्रीमती रौत्याला धरून. २) सोमवारच्या नोंदवहीच्या पाच पानांच्या प्रती. ३) पुरुष सत्राचे निवेदन, केवळ माहितीसाठी, आधार म्हणून नव्हे.