व्हॅन आता माझी आहे

३ सप्टेंबर
व्हॅन गुणगुणते. वेग घेतला की उजवीकडून घूंऽऽ. इतके महिने मी तो फोर-व्हील-ड्राइव्हचा दमदार आवाज समजत होतो. मिस्त्री म्हणाला, पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. किरकोळ काम. बायकोला सांगितलं, दोन दिवसांत नवीन बसवतो.

अठ्ठावीसला लेकीला हॉस्टेलवर सोडायचं आहे. दुसऱ्या गावाला. खाट, टेबल, सायकल आणि लेक, सगळं माझ्या व्हॅनमधून, आणि चालवणार मी. गाडी घेतली ती त्याचसाठी.

मिस्त्री जाता जाता म्हणाला, जुनी इम्पोर्टेड गाडी आहे, घोडं अडलंच तर डॉक्टरांना विचारा. डॉक्टर म्हणजे दातांचे. गाडीचे आधीचे मालक. आधीचे!

५ सप्टेंबर
स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. व्हॅन समोर उभी करून उतरतोय तोच दुकानदार आतून ओरडला, या या, डॉक्टरांची गाडी ना ही? पुढे विचारलं, कसे आहेत डॉक्टर? मला नाही विचारलं कसा आहेस.
बेअरिंग न मागताच परत आलो. माणसाला काही तत्त्वं असतात.

६ सप्टेंबर
बायको म्हणाली, एक फोन करा की त्यांना. वर म्हणाली, किती जपलेली होती हो गाडी त्यांनी. आत बसलं की कसा छान वास यायचा. म्हणजे आता येत नाही. मुद्दा कळला.

दुपारभर व्हॅन धुतली. मागच्या काचेवर डॉक्टरांच्या दवाखान्याचं स्टिकर आहे, हसणारा दात. ब्लेडने खरवडायला घेतलं. अर्धंच निघालं. आता किडका दात हसतोय. शेजारी म्हणाला, डॉक्टरांनी असं नसतं होऊ दिलं.

शेजाऱ्याशी बोलणं बंद.

९ सप्टेंबर
दुकानदारांच्या नादी लागायचंच कशाला? बेअरिंग ऑनलाइन शोधलं. एकाच मॉडेलची चार वेगवेगळी निघाली. लेकीची पट्टी घेऊन चाक बाहेरूनच मोजलं, मनात थोडं वजा केलं आणि ऑर्डर टाकली. दहा मिनिटांचं काम. लोक उगाच बाऊ करतात.
डॉक्टरांना असं काही जमलं असतं का? लोकांचे दात उपटण्यात आयुष्य गेलं.

१४ सप्टेंबर
बेअरिंग आलं! काय चमक! मिस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. त्याने हातात न घेताच सांगितलं, हे दोनच चाकं ओढतात त्या गाडीचं आहे. तुमची चारही ओढतात, तिला मोठ्या भोकाचं लागतं.

परत पाठवता येत नाही. मिस्त्री म्हणाला, असू दे, बिलांवर ठेवायला होईल. बिलांचा एक गठ्ठा आधीच अगदी तशाच बेअरिंगखाली दबलेला होता. ते कुणी आणलेलं, असं विचारलं. डॉक्टरांनी.
माझं जास्त चमकतं.

१७ सप्टेंबर
आज भंगार बाजार. असल्या ठिकाणी डॉक्टरांनी आयुष्यात पाय ठेवला नसणार, हात खराब होतात. ग्रीस, गंज, चिखल पार करत व्हॅन शेवटच्या शेडपर्यंत नेली. भंगारवाल्याने मान वर केली, गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, डॉक्टरांनी पाठवलं का?
मी म्हणालो, मला कुणी पाठवत नसतं, मी माझा येतो. तो म्हणाला, मग तुम्हालाही तेच सांगतो, नाहीये.

घरी येताना व्हॅनशी बोललो. तिला म्हटलं, तुझी अशी किती जणांशी ओळख आहे? ती घूंऽऽ म्हणाली.

२१ सप्टेंबर
लेक म्हणाली, बाबा, आपण टेम्पो सांगून ठेवू या का? मला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हटलं, बाप धडधाकट असताना परक्याच्या टेम्पोतून जायचं? ती म्हणाली, तुम्ही धडधाकट आहात हो, गाडी नाही ना. पोरगी हजरजबाबी आहे. माझ्यावर गेली आहे.

बायकोने सत्तावीसपर्यंत मुदत दिली. मी म्हणालो, सत्तावीस कशाला, पंचविसालाच चावी तुझ्या हातात ठेवतो.

फोन मात्र करणार नाही. लग्न झाल्यावर कुणी बायकोच्या जुन्या स्थळाला विचारायला जातं का, की हिला नक्की काय आवडतं?

२५ सप्टेंबर, सकाळ
शेवटी खरा जाणकार भेटला. बेअरिंगचा घाऊक व्यापारी. त्याने डॉक्टरांचं नावही काढलं नाही. मोठा माणूस. म्हणाला, मॉडेल-बिडेल सोडा, जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो आणा, जगाच्या पाठीवर कुठूनही मागवून देतो. इतकं सोपं! मिस्त्रीला तडक घरी बोलावलं.

२५ सप्टेंबर, संध्याकाळ
मिस्त्रीने आमच्या दारातच चाक उतरवलं. म्हणाला, ठोकून काढावं लागेल, फुटेल, आधी दुसरं हातात येऊ द्या. मी म्हणालो, ठोक.
फुटलं. नंबर होता ती कड झिजून गुळगुळीत झालेली. एक आठ दिसतो. मिस्त्रीच्या मते तो तीनही असेल.

व्हॅन गल्लीच्या मधोमध तीन चाकांवर आणि एका जॅकवर उभी आहे. आता हलवता येत नाही. शेजारी बोलायला आला होता. आमचं बोलणं बंद असल्यामुळे मी ऐकून घेतलं.

२७ सप्टेंबर
फोन केला. बायको, लेक दोघी समोर बसून होत्या, इलाज नव्हता.

डॉक्टरांनी आधी ओळखलंच नाही. मी तयारीत होतो, की ते गाडीची खुशाली विचारतील, उसासा टाकतील, कधीतरी बघायला येऊ का म्हणतील. नाही म्हणायचं असंही ठरवलं होतं. ते म्हणाले, कुठली व्हॅन? मग एकदम आठवलं आणि हसायला लागले. म्हणाले, अजून आहे ती?

उजव्या चाकाचं बेअरिंग म्हटल्यावर आणखी हसले. म्हणाले, अहो, त्याच्यापायीच तर विकली! वर्षभर वणवण केली, एक दुकान सोडलं नाही, म्हणून तर सगळे मला ओळखतात. व्यवहाराच्या दिवशी तुम्हाला सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही म्हणालात, डॉक्टर, गाडी आता माझी आहे, मला शिकवू नका.
असं मी म्हणालो असेन. माझ्या तोंडी शोभतं ते.

आता काय चालवता, असं विचारलं. म्हणाले, छोटीशीच घेतलीये, कोपऱ्यावरच्या दुकानात सगळे पार्ट मिळतात.

इतके दिवस या माणसावर उगाच जळत होतो. आज पहिल्यांदा मनापासून जळलो. त्याच्याकडे ती व्हॅन नाही.

२८ सप्टेंबर
टेम्पो वेळेवर आला. टेम्पोवाला चोवीस-पंचवीसचा असेल. एका झटक्यात सुरू करून दाखवला. दिखाऊपणा नुसता. खाट त्याने एकट्याने चढवली. लेक म्हणाली, वा दादा! माझ्या खाट उचलण्याला ती कधी वा म्हणाल्याचं आठवत नाही.

पुढे तिघांपुरतीच जागा. तो, बायको, लेक. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मी मागून बसने येतो. कुणी फारसा आग्रह केला नाही. आग्रह करायला जागाही नव्हती.

मी टेम्पोच्या मागे जाऊन उभा राहिलो. रडायचं नाही असं ठरवलेलं. तेवढ्यात लेकीने खिडकीतून अर्धी बाहेर येऊन मागे पाहिलं आणि हात हलवला. जोरजोरात. टेम्पोवाल्याला काय कळणार त्यातलं! मीही हात हलवला. ती थांबेना, मीही थांबलो नाही. शेवटी ती ओरडलीच, बाबा, बाजूला व्हा!
टेम्पोच्या समोर व्हॅन आडवी आली होती. टेम्पो मागे घ्यायचा होता.

झालो बाजूला.