तडजोडीला नकार

दादा,

तू पाठवलेल्या तडजोडीच्या कागदावर मी सही करणार नाही. तुझ्या साहेबांच्या मुलाने दारू पिऊन मला गाडीने उडवलं आणि माझा उजवा पाय कामातून गेला. "पोलीस त्याला शिक्षा करतीलच, तू कशाला ताणतेस?" असं तू म्हणालास. मलाही तसंच वाटायचं. पण वकीलबाई म्हणाल्या, "अगं, शिक्षेचा खटला सरकारचा, भरपाईचा दावा तुझा. तो आत गेला म्हणून तुझा पाय शिलाई मशीनचं पॅडल मारणार आहे का?"

मग त्यांनी अपघाताच्या दिवशीचे कपडे मागितले. मी धुऊन, रफू करून, इस्त्री करून नेले. त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, हा पुरावा होता!"

"फाटकं कसं देऊ कुणाच्या हातात?" मी म्हटलं, आणि दोघी हसत सुटलो. त्याच्या रक्ततपासणीचा अहवाल आणि डॉक्टरांचे कागद आहेत, तेवढ्यावर भागेल म्हणाल्या.

बाकी मी मजेत आहे. मोटरचं मशीन घेतलंय, डाव्या पायाने छान चालतं. गिऱ्हाइकंही परत कटकट करायला लागलीत.

नोकरीची धास्ती तू बोलून दाखवली नाहीस, तरी कळली. म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही; वाचलंस तर माझं भांडण तुला खरं वाटायचं नाही. उद्या फोनवर तुझ्याशी चांगली भांडेन, म्हणजे साहेबांना तुला खुशाल सांगता येईल, "बहीण ऐकतच नाही हो."

तरीही त्यांनी काढलंच, तर सरळ इकडे ये. काजं तू माझ्यापेक्षा सुबक करायचास.

तुझी हट्टी,
छोटी