ओमुसुज्जा खोडला

६ मे, सकाळ.
जिल्हा आरोग्य कार्यालयात माझ्या टेबलावर किटूंगा दवाखान्याचा एप्रिलचा अहवाल आला, सोबत रजिस्टराची प्रत. शिसारी आली. मलेरियाचे रुग्ण ४१२! रजिस्टरात रोगाच्या रकान्यात पानोपानी एकच शब्द: ओमुसुज्जा. आमच्या लुगांडा भाषेत साधा तापही ओमुसुज्जा, मलेरियाही ओमुसुज्जा. असल्या गचाळ आकड्यांवर युगांडा चालतो. संकल्प: जिल्ह्याचा डेटा स्वच्छ करणार. आजपासून. जेवणानंतर.

७ मे.
काल जेवणात केळ्यांचं मटोके जड झालं. आज एका बैठकीत सगळे ओमुसुज्जा खोडले. उरले अकरा, नीट 'मलेरिया' लिहिलेले. काय देखणा आकडा!

९ मे.
किटूंगाच्या नर्स नालुब्येगाचा फोन. म्हणाली, अहो साहेब, शेजारचा तपासणीचा रकाना तरी बघायचात, सगळे पॉझिटिव्ह आहेत. गोळ्या तुमच्याच आकड्यावर येतात, आणि इथे पोरं तापाने फणफणतायत. बाईचा आवाज भलताच कर्कश. तो रकाना सोमवारी नक्की बघणार.

१३ मे, सोमवार.
नाही बघितला. डोळे दुखतात. ऑफिसात धूळ फार, म्हणून घरची मच्छरदाणी आणून कॉम्प्युटरवर घातली. डेटा जपावा लागतो.

३ जून.
जिल्ह्याची मीटिंग. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. नालुब्येगा उठून म्हणाली, मलेरिया घटला नाही साहेब, खोडला. सगळे फिदीफिदी हसले. किळस येते या लोकांची.

३ जुलै.
किटूंगाला गोळ्या पोचल्या. अकरा जणांपुरत्या. नालुब्येगा फोनवर म्हणाली, दुपारपर्यंत संपतील. बाराव्या पोराला काय तुमचा अहवाल उगाळून पाजू? उर्मट बाई. तक्रार करणार. उद्या.

८ जुलै.
अंग मोडून आलंय. हुडहुडी. मलेरिया शक्य नाही. इथे तो उरलेलाच नाही.

१० जुलै, दुपार. किटूंगा, बाकावर.
पॉझिटिव्ह. गोळ्या नाहीत. नालुब्येगाने रजिस्टर पुढे सरकवलं. तपासणीचा रकाना आज पहिल्यांदा पाहिला. वरपासून खालपर्यंत पॉझिटिव्ह. माझ्या वरच्या ओळीत नाकायिझा, वय दोन. औषधाच्या रकान्यात नुसती रेघ. ती शेजारीच आईच्या मांडीवर आहे, रडतसुद्धा नाही. लाज वाटली. दोघांच्याही नावापुढे ओमुसुज्जा. मी म्हटलं, बाई, मलेरिया लिहा. म्हणाली, तुम्हीच लिहा की साहेब, आणि पेन दिलं.

आधी नाकायिझाच्या ओळीत लिहिलं. हात इतका थरथरत होता, अक्षर असं गचाळ आलं, की मेमध्ये मीच ते खोडलं असतं.