नारळाच्या जागी सुदर्शनाचा कांदा

टोकावडे,
१० मे २०२५

चि. कुणाली हिस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. म्हैस व्यायली, रेडा झाला. नशीब आपलं!

शेजारचा धर्मा आटगावला येतोय, त्याच्याजवळ गाठोडं दिलंय. आपल्या पडवीपुढच्या सुदर्शनाला बाजूने फुटलेला कांदा आहे, चांगला नारळाएवढा. सोबत खण आणि तांदूळ आहेत, ते का ते पुढे सांगते. यंदा एवढी पांढरी फुलं आली की संध्याकाळी एसटीला थांबलेली माणसं वास कुठून येतो म्हणून माना वळवतात.

कांदा तुझ्या आईच्या अंगणात लावू नकोस. गोणपाटावर सावलीत ठेव, महिनाभर काही होत नाही. दोनदा हलवलेलं ह्या झाडाला खपत नाही. लावशील तेव्हा मान मातीबाहेर ठेव. नवी नवरी होतीस तेव्हा मायेने वरून माती लोटत राहिलीस, आणि आपला मंगेश हसून म्हणाला होता, "अगो, कांदा लावलास का पुरलास?" आठवतं ना?

काळ्या-पिवळ्या अळ्या येतील, हाताने वेचून टाक. पहिल्या वर्षी फूल येणार नाही. रुसतं ते. उकरून बघत बसू नकोस.

कुठे लावायचं? भातसानगरला, नितीनच्या क्वार्टरमागे. तिथे पाणी तुंबत नाही, मी बघून आले.

हो, मी गेले होते. तुझ्या आईचा फोन आला, "पोरगी ऐकत नाय गो. म्हणते, सासूला काय तोंड दाखवू?" मग मीच एसटीत बसले. मुलगा धरणावर कामाला आहे, सरळ आहे, चहात साखर फार घालतो. तेवढं तू बघ. फोनवर तू नुसतं हूं हूं करतेस, म्हणून लिहिते आहे.

मंगेश मला रोज आठवतो. तीन वर्षं झाली, तरी संध्याकाळी मी दोन ताटं काढते आणि एक परत ठेवते. पण तुला त्याच्या नावाने बसवून ठेवली तर तो परत येणार आहे का? होकार कळव. माझ्यासाठी नाही म्हणत असशील तर मला राग येईल.

आता खण-तांदळाचं. गाठोडं बांधताना शेजारची सकुबाई म्हणाली, "आपल्यासारख्या इधवेनं ओटी भरायची नसते गो." मी म्हटलं, "ओटीत नारळ असतो. मी कांदा दिलाय. बोल आता!" जाताना मूठभर तांदूळ तिनेही टाकले.

लग्नाला मी येणार. कुठल्या बाजूला बसवायचं असा प्रश्न तुमच्याकडे कोणाला पडला, तर हे पत्र दाखव.

तुझी,
देवकी
(मुलीकडची)